सिल्वासाचं स्टेशन वापी

सिल्वासाला रेल्वेने जायचं तर तिकीट वापीचं काढावं लागतं. दादरा-नगरहवेलीत एकही रेल्वे स्टेशन नाही. वापीला उतरायचं, रिक्षा किंवा बस पकडायची आणि सतरा-अठरा किलोमीटर आत जायचं. सकाळी वापीच्या फलाटावर फ्लाइंग राणीची वाट पाहणारी गर्दी बघितली की कळतं, हे स्टेशन गुजरातचं असलं तरी सिल्वासाचं आणि दमणचंही तेवढंच आहे.

आम्हा गोंयकारांना याचं नवल वाटतं. पाखल्यांनी आमच्याकडे १८८०च्या दशकात मुरगावहून थेट घाटमाथ्यावर रेल्वे नेली, दूधसागरच्या कड्याला वळसा घालून! मग त्याच राज्यातली नगरहवेली कोरडी का राहिली?

याचं उत्तर मराठ्यांपासून सुरू होतं. पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यातल्या १७७९च्या तहानुसार पुण्याने पोर्तुगीजांना काही गावांचा महसूल देऊ केला. १७८३ आणि १७८५च्या सनदांनी नगरहवेली आणि दादरा त्यांच्याकडे गेलं. हे देणं महसुलाचं, सार्वभौमत्वाचं नव्हे. ते इंग्रजी अमलात पुढे हळूहळू पोर्तुगीजांचं मानलं गेलं. पण मुलूख समुद्रापासून तुटलेला. दमण आणि नगरहवेली यांच्यामध्ये ब्रिटिश हद्दीची पट्टी, आणि तिच्यातूनच मुंबई-बडोदा मार्ग उत्तर-दक्षिण गेलेला. १८६४पर्यंत ही गाडी मुंबईला पोचली होती. म्हणजे दमणहून सिल्वासाला निघालेल्या साहेबाला आधी परक्या राज्याचे रूळ ओलांडावे लागत.

आता गंमत बघा. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात एक तह झाला. मुरगावच्या रेल्वेचा पाया याच तहात आहे. आणि याच तहात असंही कलम होतं की एका राज्याचं सशस्त्र सैन्य दुसऱ्याच्या हद्दीत रीतसर मागणीशिवाय शिरणार नाही. एकाच कागदाने गोव्याला रेल्वे दिली आणि नगरहवेलीच्या वाटेवर परवानगीचा पहारा बसवला! तहाची मुदत नंतर संपली, पण तो रिवाज चालूच राहिला.

त्याचं मोल १९५४मध्ये कळलं. २२ जुलैला दादरा मुक्त झालं, २८ जुलैला नारोली, २ ऑगस्टला सिल्वासा. या लढ्यात आझाद गोमंतक दलाचे आपले लोक होते, तसे सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे हेही होते. दमणहून पोर्तुगीजांना कुमक धाडायची तर मधली पट्टी भारताची, आणि भारताने वाट दिली नाही. पोर्तुगाल १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १२ एप्रिल १९६०चा निकाल मला फार आवडतो. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जायची वाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांना नव्हती. आणि भारताने काही मोडलं नाही! न्यायालयाने त्यासाठी १८७८चा तहदेखील तपासला होता. पुढच्या वर्षी, ११ ऑगस्ट १९६१ला, हा भाग भारतात विलीन झाला. गोवा तेव्हा अजून पारतंत्र्यातच होता, ही जखम आमच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे.

त्यानंतर सिल्वासात कारखाने आले, कामगार आले, लोकवस्ती वाढली. रूळ मात्र आले नाहीत. मुंबईची लोकल २०१३ साली डहाणूपर्यंत पोचली, पण तिथेच थांबली. आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं काम चालू आहे, तिचं भूमिपूजन २०१७मध्ये झालं. ५०८ किलोमीटरच्या त्या मार्गातले सुमारे चार किलोमीटर दादरा-नगरहवेलीतून जातात. बारा स्टेशनं आहेत, त्यात सिल्वासा नाही. जवळचं स्टेशन पुन्हा वापीच!