गळा, यंत्र आणि मधले अंतर

काही वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी एका निवृत्त मराठी शिक्षकांचे ज्ञानेश्वरीपठण ध्वनिमुद्रित करण्याचे ठरविले. ओवी म्हणण्याची त्यांची एक खास धाटणी होती. ती त्यांना आजोबांकडून मिळालेली होती आणि पुढे कुणी उचललेली नव्हती. आम्ही वर्गणी काढून चांगल्यापैकी मायक्रोफोन विकत घेतला, सरांच्या बैठकीच्या खोलीत मधोमध टेबलावर ठेवला आणि दोन दुपारी मुद्रण केले. घरी येऊन ऐकले, तेव्हा सर जणू विहिरीच्या तळातून बोलत होते. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती यांनी प्रत्येक शब्दाला शेपूट लावले होते. ओवीचा शेवट आणि पुढच्या ओवीचा आरंभ एकमेकांत मिसळले होते. पुन्हा मुद्रण करू, असे ठरले. ते घडले नाही. त्याच पावसाळ्यात सर गेले.

दोष यंत्राचा, असे आम्ही बरेच दिवस मानत होतो. घरच्या घरी ध्वनिमुद्रण करू पाहणारा प्रत्येक नवखा मनुष्य प्रथम असेच मानतो व अधिक महागड्या यंत्राचा शोध घेऊ लागतो. ध्वनिमुद्रणाचा इतिहास मात्र काही वेगळे सांगतो. त्या इतिहासाकडे आम्ही वळलो ते खरे तर आमच्या चुकीचे मूळ शोधण्यासाठी.

आरंभीची गाजलेली ध्वनिमुद्रणे स्टुडिओत झालेली नाहीत, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ११ एप्रिल १९०२ रोजी मिलान येथे फ्रेड गेसबर्ग याने एन्रिको कारुसो या तरुण गायकाची दहा गाणी मुद्रित केली, ती एका हॉटेलच्या खोलीत. त्याच वर्षी हाच गेसबर्ग आपली यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यास आला. तेथेही त्याने हॉटेलातच बस्तान मांडले आणि गौहर जान यांचा आवाज मेणाच्या तबकडीवर उतरविला. त्या तबकड्या पुढे जर्मनीतील हॅनोव्हरला जात व तेथे त्यांच्या प्रती निघत. गाणे कुणाचे हे तेथील कारागिरांस कळावे, म्हणून गाण्याच्या शेवटी गायिकेने आपले नाव उच्चारण्याची प्रथा होती. गौहर जान यांची ती इंग्रजीतील घोषणा आज त्यांच्या गाण्याइतकीच प्रसिद्ध आहे.

या खोल्यांत वीज नव्हती, म्हणजे मुद्रणाच्या कामी नव्हती. भिंतीतून किंवा पडद्यातून बाहेर आलेला एक कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाशी पातळ पडदा आणि त्या पडद्याला जोडलेली सुई, एवढाच सरंजाम. गळ्यातून निघालेल्या हवेच्या बळावरच सुई मेणात चर काढी. आवाज मागाहून वाढविण्याची सोय नव्हती, दुरुस्तीची नव्हती. म्हणून जे काही साधायचे ते मुद्रणापूर्वीच साधावे लागे. गायकाने कर्ण्यात जवळजवळ तोंड घालून गायचे, तारसप्तकात जाताना मागे सरायचे, खर्जात उतरताना पुन्हा पुढे यायचे. हे ज्यास जमत नसे, त्यास खांद्याला धरून मागे-पुढे करण्यात येई. आज आपण ज्याला 'ध्वनीची गुणवत्ता' म्हणतो, ती त्या काळी सर्वस्वी या अंतरावर, खोलीवर आणि गळ्यावर अवलंबून होती.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ढोबळमानाने बोलायचे, तर कर्ण्याच्या यंत्रास सेकंदाला अडीचशे ते अडीच हजार कंपने एवढाच पट्टा टिपता येई. स्वरवर्ण या पट्ट्यात बऱ्यापैकी मावतात; 'स'कारासारखी घर्षक व्यंजने मात्र मुख्यतः त्याच्या वर, चार-पाच हजारांच्या पुढे वावरतात. परिणामी त्या मुद्रिकांत सूर ऐकू येतो आणि शब्द हरवतो. 'स', 'श' आणि 'फ' यांतला भेद श्रोत्याने स्वतःच्या स्मरणातून भरून काढायचा. जुन्या मुद्रिकांवरून गाण्याची संहिता उतरवून घेणाऱ्यांस या अडचणीची चांगली ओळख आहे.

१९२५ साली अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी विद्युत मुद्रणपद्धती स्वीकारली आणि कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली. वरची मर्यादा पाच-सहा हजार कंपनांपर्यंत गेली, हा झाला तांत्रिक लाभ. त्याहून मोठा बदल असा, की गायकास ओरडण्याची गरज उरली नाही. बिंग क्रॉस्बीसारखे गायक मायक्रोफोनशी कुजबुजल्यासारखे गाऊ लागले व लाखो श्रोत्यांस तो आवाज आपल्याच कानाशी बोलतो आहे असे वाटू लागले. ही जवळीक काहींना इतकी खटकली, की १९३२ मध्ये बॉस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनी या गायनप्रकाराचा जाहीर निषेध केला. अंतर हा आता केवळ तंत्राचा भाग राहिला नव्हता. तो अर्थाचा भाग झाला होता.

याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे मिरजेचे अब्दुल करीम खाँ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी कर्ण्यापुढे गाऊन मुद्रिका दिल्या आणि १९३० च्या दशकात मायक्रोफोनपुढे. दोन्ही शेजारी ठेवून ऐकाव्यात. पहिल्यांत तडफ आहे, घाई आहे, आवाज यंत्राशी झुंजताना दिसतो. दुसऱ्यांत, विशेषतः भैरवीच्या ठुमरीत, स्वर लावण्यातले ते हळुवारपण सुईपर्यंत पोहोचले आहे. मधल्या काळात वय वाढले, गायकी मुरली, हे खरेच. परंतु हळू गाणाऱ्यास ऐकू शकणारे यंत्र मधल्या काळातच आले, हेही तितकेच खरे.

मुद्रणाने पुन्हा घराची वाट धरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. लेस पॉल या गिटारवादकाने हॉलिवूडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्ये तबकडीवर तबकडी चढवून १९४८ चे 'लव्हर' सिद्ध केले. पुढे ध्वनिफीत हाती आल्यावर पत्नी मेरी फोर्डचा आवाज त्याने घरीच थरांवर थर देऊन मुद्रित केला. तिला तो मायक्रोफोनच्या अगदी निकट उभी करी. घरातील भिंती स्टुडिओसारख्या नाहीत, तर त्यांना बोलू न देणे हाच उपाय. आवाज जवळून घेतला की खोली आपोआप मागे पडते.

१९७९ मध्ये साध्या कॅसेटवर चार पट्ट्यांत मुद्रण करणारे 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र बाजारात आले. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन याने न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात, दोन साध्या मायक्रोफोनांनिशी, त्यावर काही गाणी कच्च्या स्वरूपात उतरविली. नंतर तीच वाद्यवृंदासह स्टुडिओत मुद्रित करून पाहिली, पण कॅसेटमधले काहीतरी हरवू लागले. अखेर ती कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रतिध्वनी आहे, परंतु तो गायकाने मागाहून, स्वतःच्या इच्छेने मिसळलेला आहे. आमच्या मुद्रणातला प्रतिध्वनी आमच्या अज्ञानाने मिसळला होता. मागाहून घातलेला प्रतिध्वनी कमी-अधिक करता येतो; मुद्रणातच शिरलेला अक्षराला चिकटून राहतो. पंख्याची घरघर आजच्या संगणकीय साधनांनी पुष्कळशी पुसता येते, खोलीचे घुमणे निववता येते, पण त्याबरोबर आवाजाचा थोडा कसही जातो.

या इतिहासातून नवख्याने घ्यायचे ते थोडकेच आहे. मायक्रोफोन वीतभर अंतरावर असावा. त्याहून फार जवळ गेल्यास खर्ज फुगतो, दूर गेल्यास खोली बोलू लागते. तोंड किंचित तिरके असावे, म्हणजे 'प', 'फ', 'भ' यांचा वारा थेट आदळत नाही. पाठीमागे व बाजूंना गोधड्या, रजया टांगाव्यात. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट हे पुष्कळदा घरातील सर्वोत्तम स्टुडिओ असते. पंखा बंद ठेवावा. पातळी इतकी ठेवावी, की उंच स्वरालाही वर थोडी जागा उरावी. आणि पहिली पाच मिनिटे मुद्रित करून, कानाला हेडफोन लावून, ती ऐकल्यावाचून पुढे जाऊ नये.

ही शेवटची गोष्ट आम्ही केली असती तर! सरांच्या घरी गोधड्या होत्या, कपाट होते, वेळही होता. दोन दुपारी आम्ही त्यांच्यासमोर बसून ओव्या ऐकल्या, पण आमचा मायक्रोफोन काय ऐकतो आहे, हे एकदाही ऐकले नाही. ते मुद्रण आमच्याकडे आहे. साधनांनी त्यातले घुमणे काहीसे निवले आहे व शब्द बहुतेक कळतात. मात्र ओवीच्या शेवटी सर जे थांबत, ती शांतता त्यात नाही. तेथे अजून खोलीच बोलते आहे.