दारावरचं प्रमाणपत्र

कोल्हापूरच्या आजच्या सीपीआर रुग्णालयाचं जुनं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी इथंच रुग्णसेवा केली. शाहू महाराजांनी त्यांना शिक्षणासाठी विलायतेला पाठवलं होतं. दर्जा माणसांतून घडतो, हे त्या दरबारानं ओळखलं होतं.

१ मार्च १९४९ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वर्षी दर्जाची हीच ओळख कायद्यात आणणारा शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणीचा कायदा आला. पात्र डॉक्टर किंवा परिचारिका, प्रसूतिगृहात पात्र सुईण आणि दर्शनी जागी नोंदणी प्रमाणपत्र, या त्याच्या अटी. तपासनीस नोंदवह्या पाहू शकतो, रुग्णाचे वैद्यकीय कागद मात्र नाही. ही मर्यादा योग्यच!

याच कायद्याखालच्या २०२१च्या नियमांनी रुग्णहक्क सनद आणि दरपत्रकही भिंतीवर आणलं. नातेवाइकांनी पैसे भरण्याआधीच ते वाचावं.