रजिस्टर लग्नाचें प्रतिज्ञापत्र

हिंदु विवाहाला पूर्वी कागद लागत नसे. अग्नि साक्षी, उपाध्याय साक्षी आणि पंगतीला बसलेलें गांव साक्षी, एवढ्यावर लग्न सिद्ध होई. परंतु ज्या वधूवरांना जुना विधि मान्य नाहीं, किंवा ज्यांना जातीबाहेर विवाह करावयाचा आहे, त्यांनीं आपलें लग्न कायदेशीर आहे हें कशानें दाखवावें? हा प्रश्न प्रथम निकराला आला तो बंगालमध्यें. ब्राह्मसमाजाच्या पुरोगामी शाखेनें मूर्तिपूजा व होम वगळून लग्नें लावण्यास आरंभ केला. पण अशीं लग्नें कायद्याला ग्राह्य नाहींत, असा सल्ला सरकारी वकिलाकडून मिळाला. पत्नीचा दर्जा आणि मुलांचा वारसा, दोन्ही त्यामुळें संशयांत पडले.

केशवचंद्र सेन यांच्या खटपटीनें सर हेन्री मेन यांनीं १८६८ मध्यें विधिमंडळांत एक व्यापक मसुदा मांडला. ख्रिस्ती नसलेल्या कोणाहि हिंदी माणसाला नोंदणीनें लग्न करतां यावें, असा त्याचा आशय होता. जातिनिर्बंध ढिले होतील या भीतीनें त्याला मोठा विरोध झाला. पुढें फिट्झजेम्स स्टीफन यांनीं तो ब्राह्मांपुरता मर्यादित केला, तेव्हां देवेंद्रनाथ ठाकुरांचा आदि ब्राह्मसमाज उठला. आपण हिंदूच आहोंत, आपणांस निराळा कायदा नको, असें त्याचें म्हणणें. शेवटीं निघालेली तोड विलक्षण होती. १८७२ चा तिसरा कायदा अशाच लोकांसाठीं झाला, जे ख्रिस्ती, यहुदी, हिंदु, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकीं कोणताहि धर्म मानीत नाहींत.

कायद्याची रीत अशी. वराला १८ व वधूला १४ वर्षें पूर्ण असावीं. कोणाचाहि पूर्वीचा जोडीदार हयात नसावा. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस पित्याची किंवा पालकाची संमति असावी. रजिस्ट्रारकडे लेखी नोटीस दिल्यानंतर १४ दिवस थांबावयाचें. त्या अवधींत कोणासहि हरकत घेतां येई. मात्र ती अवाजवी व दुष्ट हेतूची ठरल्यास दिवाणी कोर्ट हजार रुपयांपर्यंत दंड करूं शके. नंतर उभयतांनीं तीन साक्षीदारांसमक्ष प्रतिज्ञापत्रावर सही करावयाची, आणि एकमेकांचा पति-पत्नी म्हणून स्वीकार तोंडानें उच्चारावयाचा.

खरी अडचण त्या सहींत होती. मनानें हिंदु राहिलेल्या सुधारकाला लग्नासाठीं 'मी हिंदु नाहीं' असें लिहून द्यावें लागे; आणि खोटें लिहिणें हा गुन्हा होता. वयाची अट तर खुद्द केशवचंद्रांच्याच घरीं आड आली. १८७८ मध्यें त्यांची कन्या सुनीतिदेवी हिचा विवाह कुचबिहारच्या महाराजांशीं झाला, तेव्हां तिला चौदा वर्षें पुरीं झालेलीं नव्हतीं. ज्या नियमासाठीं गुरु झगडले तो त्यांनींच बाजूस सारला, या संतापांतून त्याच वर्षीं साधारण ब्राह्मसमाज वेगळा निघाला.

प्रतिज्ञेची ही अट हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती सुटली ती सर हरिसिंग गौर यांच्या १९२३ च्या दुरुस्तीनें. किंमत मात्र राहिली: असें लग्न करणारा एकत्र कुटुंबांतून विभक्त समजला जाई, त्याला दत्तक घेतां येत नसे, आणि त्याच्या पित्याला दुसरा मुलगा नसेल तर दत्तक घेण्याची मोकळीक मिळे. डॉ. आंबेडकर व डॉ. शारदा कबीर यांचा विवाह १५ एप्रिल १९४८ रोजीं दिल्लींत नोंदणी पद्धतीनेंच झाला.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें धर्माची विचारणा सर्वांसाठींच बंद केली; पण नोटिशीची मुदत १४ दिवसांवरून ३० वर गेली, आणि ती नोटीस कचेरींत सर्वांच्या नजरेस लागूं लागली. जातीबाहेर निघालेल्या जोडप्याला घरच्यांचा विरोध गांठतो तो याच तीस दिवसांत. १८७२ मध्यें आड आली होती ती प्रतिज्ञा. आतां आड येते ती भिंतीवरची नोटीस. ती प्रसिद्ध करावयाची कीं नाहीं हें वधूवरांनींच ठरवावें, असा निर्णय अलाहाबाद हायकोर्टानें जानेवारी २०२१ मध्यें दिला.