कवकविष निर्मूलन, जीवाणूंद्वारे

अन्नधान्य व पशुखाद्यातील बुरशीजन्य विषे उपकारक जीवाणूंकरवी बांधून ठेवण्याची वा विघटित करण्याची पद्धती (पहा : अफ्लाटॉक्सिन).

१९६० मध्ये इंग्लंडात बुरशीयुक्त शेंगदाणा पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्यातून अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा शोध लागला. फ्लॅव्होबॅक्टेरियम ऑरँटियाकम हा जीवाणू ते द्रावणातून काढून टाकतो, हे १९६६ मध्ये दिसून आले.

लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससची पेशीभित्तिका अफ्लाटॉक्सिन बी१ धरून ठेवते. उष्णतेने मारलेल्या पेशीही हे काम करतात, हे विशेष. मात्र धुतल्यावर काही विष पुन्हा सुटते. गाईच्या जठराच्या पहिल्या कप्प्यातून मिळवलेला बीबीएसएच ७९७ हा जीवाणू ट्रायकोथेसिन या दुसऱ्या बुरशीजन्य विषाचे इपॉक्साइड वलयच मोडतो (पहा : रवंथ करणारे प्राणी).

अशा पद्धतींची गरज भासते, कारण अफ्लाटॉक्सिन स्वयंपाकाच्या उष्णतेला बरेचसे टिकते आणि दूषित पेंड खाणाऱ्या गाईच्या दुधात एम१ या रूपाने उतरते.