शरणपूरची पोरं, आनंदवलीच्या मावशी

आजीच्या न्हाणीत एका कोनाड्यात आमसुलाच्या तेलाचा गोळा असायचा, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो घरातल्या कुणासाठी नव्हता. आमच्या टाचा फुटल्या तर आम्हाला खोबरेल. तो गोळा आनंदवलीच्या मावशींचा.

मावशी भाजी विकायच्या. पहाटे मळ्यातून निघायच्या, डोक्यावर पाटी, पायात काही नाही, आणि गंगापूर रोडने चालत गावात यायच्या. मी साठच्या दशकातलं सांगतेय. तेव्हा या रस्त्याला आजच्यासारखी दुकानं नव्हती. दोन्ही अंगांना मळे, पेरूच्या बागा, मधूनच एखादा बंगला. आमचं घर शरणपूरच्या बाजूला, मिशनच्या वस्तीला लागून. तिथं पोचायला मावशींना आठ वाजायचे. पाटी उतरवायला आजी स्वतः पुढे व्हायची. आई नाही, काकू नाही, आजीच.

पौष महिन्यात नाशिकची थंडी काय असते हे नाशिककरांना सांगायला नको. मावशींच्या टाचांच्या भेगांत करंगळी जाईल, अशा त्या फुटलेल्या असायच्या. कधी रक्तही दिसायचं. आजी चुलीवरचं पाणी घंगाळात ओतायची, कोपर बुडवून बघायची, मूठभर मीठ टाकायची आणि मावशींचे दोन्ही पाय त्यात ठेवायची. मग पळीत आमसुलाचं तेल पातळ करून ते गरम गरम भेगांत सोडायची. मावशी दातांतून 'स्स' करून श्वास ओढायच्या आणि आजीचा खांदा घट्ट धरायच्या. वर फडक्याची पट्टी.

आजी मावशींहून निदान वीस वर्षांनी मोठी. मोठ्या बाईनं आपल्या पायाला हात लावायचा हे मावशींना सुरुवातीला सोसायचं नाही. "आक्का, पाप लागंल मला," असं म्हणून त्या पाय आखडून घ्यायच्या. आजी म्हणायची, "आमच्या येशूनं बारा जणांचे धुतले, बाय. मी एकीचेच धुतेय. ठेव पाय." पुढे त्यांचा विरोध मावळला. पण तेल लावून झाल्यावर त्या आजीच्या पायावर डोकं टेकायच्याच, आणि आजी "अगं अगं" म्हणायचीच. हे मी किती वेळा पाहिलं असेल.

आणि हे चाललेलं असताना आजी गोष्टी सांगायची. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, शरणपूरच्या हबशी पोरांची. 'हबशी' हा तिचा शब्द, तिच्या आजोबांकडून आलेला. त्यात तिला प्रेमच दिसायचं.

आजीचे आजोबा या पोरांबरोबर शरणपूरच्या शाळेत होते. इथं थोडं मागे जायला हवं. चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशकात १८३२ पासून. पुढे १८५० च्या दशकात रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर ही वस्ती वसवली. नाव ठेवलं शरणपूर, शरण आलेल्यांचं गाव. बाप्तिस्मा घेतला म्हणून घरातून काढलेली माणसं इथं येऊन राहिली. पण खऱ्या अर्थानं शरण आली ती आफ्रिकेची मुलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून नेणारी गलबतं इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी पकडली की सुटलेल्या पोरांचं करायचं काय, हा प्रश्न असे. आईबाप कुठं, गाव कुठलं, पोरांनाही धड सांगता येत नसे. मुंबईला उतरवलेल्या अशा कितीतरी मुलांना शरणपूरला पाठवलं गेलं. इथं ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली.

आजी म्हणायची, "पहिल्या पावसात ती पोरं अंगणात जाऊन उभी राहायची, आमचे आजोबा म्हणायचे. का म्हणून विचारलं तर नुसती हसायची." हे खरं किती, आजोबांनी रंगवलेलं किती, कोण जाणे. मराठी मात्र ती आमच्यासारखीच बोलायची, आणि ज्वारीच्या भाकरीवर ठेचा घेऊन सुतारशाळेच्या ओट्यावर आजोबांच्या बरोबरीनं बसायची, असं ती छातीठोक सांगे.

मग साहेब आला. लिव्हिंग्स्टन, आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी. आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघताना त्यानं नाशिकच्या शाळेतली नऊ मुलं बरोबर घेतली. १८६६ साली तो काफिला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. त्यात शिपाई होते, जोहाना बेटाचे लोक होते, आणि ही आपली नाशिककर मुलं. पुढची सात वर्षं ताप, उपास, लुटालूट. काही पळाले, काही मेले, काहींना परत पाठवलं. नाशिकच्या मुलांतलेही सगळे टिकले नाहीत, हे आजीच्या गोष्टीत कधी यायचं नाही. ते मी नंतर वाचलं. सुरुवातीच्या सगळ्या काफिल्यातले अखेरपर्यंत पाचच उरले. १८७२ साली, त्याला शोधत आलेल्या स्टॅन्लीनं नवी माणसं पाठवली, त्यांत पुन्हा शरणपूरची मुलं होती. याकोब वेनराइट त्यांतलाच. आजीची गोष्ट खरं म्हणजे याकोबाची.

१८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. पहाटे माणसं झोपडीत गेली तर तो बिछान्याशी गुडघे टेकून, तळहातांत डोकं ठेवून होता. प्रार्थनेत असेल म्हणून ती थबकली. अंग गार पडलेलं होतं.

आता बघा, त्या वेळी ती माणसं काय करू शकली असती. मालक गेला, पगार देणारा कुणी नाही, समुद्र हजार मैलांवर. तिथंच पुरून आपापल्या वाटेनं गेली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं. त्यांनी ठरवलं, साहेबाला घरी न्यायचं. काळीज काढून पत्र्याच्या डब्यात घालून एका झाडाखाली पुरलं. याकोबानं इंग्रजी प्रार्थनापुस्तकातली दफनाची उपासना वाचली आणि झाडाच्या खोडावर साहेबाचं नाव कोरलं. मीठ भरून देह चौदा दिवस उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, वरून जहाजाच्या शिडाचं कापड शिवलं. आणि निघाले.

आजीच्या गोष्टीत याकोब एकटाच साहेबाला खांद्यावर घेऊन चालत होता. मी म्हणायची, "आजी, एकट्याला कसं झेपेल?" मावशी घंगाळातून पाय न हलवता म्हणायच्या, "झेपतंय गं. आपला माणूस जड व्हत नाय." मोठेपणी कळलं की साठेक माणसं होती. सुसी आणि चुमा हे दोघे त्यांचे म्होरके. तेही नाशिकचे नव्हेत. शरणपूरचा कारस फरार होता, मत्तय वेलिंग्टन होता. वाटेत एका ठिकाणी प्रेत गावातून न्यायला लोक अडवू लागले, तेव्हा यांनी देह परत पाठवल्याचं सोंग केलं आणि तोच देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे नेला. उन्यान्येंबेला एक इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, इथंच पुरा, उगीच कशाला जिवावर उदार होता. यांनी ऐकलं नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयोला समुद्र दिसला. नऊ महिने.

तिथून देह इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि बहुतेकांना पगार देऊन वाटेला लावलं. बोटीवर याकोब तेवढा गेला, मिशननं त्याचं भाडं भरलं म्हणून. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं, तेव्हा पेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरला शिकलेला हा मुलगा होता. तिथल्या शिळेवर लिहिलं आहे की विश्वासू हातांनी त्याला जमीन-समुद्र ओलांडून इथं आणलं. हात कुणाचे, ते शिळेवर नाही. याकोब पुढे आफ्रिकेत परतला आणि १८९२ साली, आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला. मत्तय मोंबासात १९३५ पर्यंत जगला. म्हणजे आजी तिशी ओलांडून संसारात होती तेव्हा तो जिवंत होता, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. मला याची फार हळहळ वाटते.

इंग्रजी पुस्तकांतून या मुलांना 'इमानी नोकर' म्हटलं आहे. मला तो शब्द पटत नाही. शेवटच्या रात्री भोजनाच्या वेळी प्रभूनं शिष्यांना सांगितलं की मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो. आणि हे सांगण्याआधी त्यानं कमरेला रुमाल बांधून त्यांचे पाय धुतले होते. आमच्या शरणपूरच्या मंदिरात (चर्चला आम्ही मंदिरच म्हणतो) उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी हा भाग वाचला जायचा. आजी डोळे मिटून ऐकायची. पगार मालकाच्या श्वासाबरोबर संपला होता. नंतरचे नऊ महिने मैत्रीचे.

घरी एक रंधा होता. आजीच्या आजोबांना तो शरणपूरच्या एका हबशी मित्रानं जाताना दिलेला, "आलो की घेईन" असं सांगून. तो मित्र साहेबाबरोबर गेला, का १८७५ च्या सुमारास प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसवलं तेव्हा तिकडे गेला, आजीला सांगता यायचं नाही. पातं गंजलेलं, लाकडाला कीड. एकदा काकांनी तो भंगारात टाकायचं म्हटलं. आजीचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "ठेव आहे ती. मागायला आलं कोणी तर काय तोंड दाखवू?" शंभर वर्षं होत आली होती.

गंगापूर रोडनं सरळ पुढे, आनंदवली, सोमेश्वर मागे टाकून गेलं की जलालपूर. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची कथा 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणाला आठवणार नाही? बाजारातून आलेलं मीठसुद्धा त्या घरी धुऊन घेत. लक्ष्मीबाई १९३६ साली नाशकातच वारल्या. आजीनं त्यांना पाहिलेलं, आणि त्यांचं पुस्तक तिच्या उशाशी बायबलच्या खाली असायचं. "एका घरात धुण्याचं वेड, आणि त्याच घरची लेक पुढे सगळ्यांना पोटाशी धरते," असं ती म्हणायची आणि थोडा वेळ गप्प बसायची.

तिच्या गप्प बसण्याचं कारण मला उशिरा कळलं. आमच्याकडून पाय धुऊन घेणाऱ्या मावशी आमच्या घरचं पाणी पीत नसत. कितीतरी वर्षं. त्यांच्या घरी चालायचं नाही. आजीनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. मावशींसाठी वेगळा तांब्या फळीवर ठेवलेला असे. नळावर जाऊन मावशी स्वतः तो भरून घ्यायच्या. आजी तो चिंचेनं घासून लखलखीत ठेवायची, आणि घासताना तिच्या चेहऱ्यावर राग किंवा दुखावल्याची रेघ मी पाहिली नाही. "तिचा नेम आहे. मैत्रिणीचा नेम आपण नाही सांभाळायचा तर कुणी?" मला त्या वयात हे अपमानासारखं वाटायचं. आजही, मला जमलं असतं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

१९६९ चा महापूर आला. नाशकातले म्हातारे अजून त्या पुराच्या खुणा दाखवतात. मावशींचा गंगेकाठचा (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) वाफा गाळात गेला. मावशी, त्यांची तीन मुलं आणि सासू आमच्या पडवीत येऊन राहिली. आठ दिवस असतील, आई म्हणते पंधरा. पहिल्या रात्री आजीनं त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडून दिली, कोरडं पीठ काढून दिलं. पण लाकडं भिजलेली, पेटेनात. धुरानं पोरं रडायला लागली. मावशी उठल्या, आत आल्या, आजीच्या तव्यावरची भाकरी उचलून पोरांना वाटली आणि उरलेला चतकोर तिथंच उभ्यानं खाल्ला. वर आमच्या माठातलं पाणी. कुणी काही बोललं नाही. आजीनं पुढचा गोळा थापायला घेतला. फळीवरचा तांब्या त्यानंतर आमच्या मोठ्या भांड्यांत मिसळून गेला.

तेव्हापासून संक्रांतीच्या भोगीला मावशींकडून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि लेकुरवाळी भाजी यायची, नाताळला आमच्या करंज्या आनंदवलीला जायच्या. आजी मुदतीच्या तापानं पडली तेव्हा मावशी रात्री उशाशी बसल्या आणि सकाळी भाजीला गेल्या, सलग एकवीस दिवस.

आजी ७८ च्या डिसेंबरात गेली, नाताळच्या आधी. मावशींकडच्या बायका स्मशानात जात नाहीत. मावशी आल्या. पेटी उचलली तेव्हा त्यांनी एका बाजूला हात लावला, तो कबरस्तानापर्यंत काढला नाही. लोकांनी खांदे बदलले, मावशींचा हात तिथंच. पाळकांनी उपासना वाचली, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, त्यांनीही टाकली.

पुढच्या आठवड्यात सकाळी आठला बाहेर आवाज आला. मावशी पाटी घेऊन दारात उभ्या. उतरवायला कोण पुढे होणार हे क्षणभर कुणाला सुचलं नाही. मग आईच धावली. मेथीच्या दोन जुड्या त्यांनी काढून बाजूला ठेवल्या, पैसे घेतले नाहीत. नेहमीच्या पायरीवर बसल्या. पाय पुढे केले नाहीत, लुगड्याखाली ओढून घेतले. थंडी कडाक्याची होती.

आई आत गेली, चुलीवर पाणी ठेवलं आणि मला म्हणाली, "कोनाड्यात बघ गं, गोळा आहे का."

निम्मा उरला होता.