इंडिपेंडन्स डे : रिसर्जन्स

परग्रहवासीयांच्या आक्रमणावरील अमेरिकी विज्ञानपट. जुलै 1996 मध्ये झळकलेल्या ‘इंडिपेंडन्स डे’चा हा उत्तरभाग 24 जून 2016 रोजी प्रदर्शित झाला. दोन्ही भागांचे दिग्दर्शक रोलंड एमरिक. पहिल्या भागाची लांबी 145 मिनिटे, दुसऱ्याची 120 मिनिटे. प्रमुख कलावंत : जेफ गोल्डब्लम, बिल पुलमन, लियाम हेम्सवर्थ, जेसी अशर, मायका मन्रो, ब्रेंट स्पायनर, जुड हिर्श, सेला वॉर्ड. भव्य दृश्ये आणि ढिसाळ कथानक यांच्या जोडीमुळे उत्तरभागांच्या चर्चेत हा चित्रपट नेहमी उदाहरणादाखल येतो.

पूर्वपीठिका : परग्रहावरून होणाऱ्या आक्रमणाच्या कथांना इंग्रजी लेखक एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (1898) या कादंबरीने घाट दिला. तीत माणसांच्या तोफांना दाद न देणारे मंगळवासी अखेर पृथ्वीवरच्या साध्या रोगजंतूंनी मरतात. एमरिक आणि सहलेखक डीन डेव्हलिन यांनी 1996 मध्ये हाच तोडगा वापरला. रोगजंतूंच्या जागी संगणकाचा विषाणू आला. आपल्याकडच्या गाजलेल्या चित्रपटांतील परग्रहवासी मात्र बहुधा पाहुणे म्हणून येतात. ‘कोई... मिल गया’ (2003) आणि ‘पीके’ (2014) ही त्याची ठळक उदाहरणे. मराठी विज्ञानकथेत जयंत नारळीकर यांच्यासारख्या लेखकांचे कुतूहल परग्रहावरील जीवसृष्टीशी संपर्क कसा होईल याबद्दल अधिक आहे. आक्रमणपटाची हौस त्यामुळे येथील प्रेक्षक मुख्यतः हॉलिवूडवरच भागवतो.

कथानक : पहिल्या युद्धाला 20 वर्षे झाली आहेत. शत्रूच्या यानांतून मिळालेले तंत्रज्ञान वापरून मानवाने नवी विमाने बनवली आहेत आणि चंद्रावर संरक्षण तळ उभारला आहे. चंद्राजवळ अचानक एक गोल यान प्रकटते आणि घाबरलेले राज्यकर्ते त्यावर तोफ डागतात. ते यान मित्राचे होते, हे नंतर कळते. पाठोपाठ शत्रूचे महाकाय यान येऊन अटलांटिक महासागरावर बैठक मारते आणि पृथ्वीचा गाभा उपसण्यासाठी छिद्र पाडू लागते. वारुळातल्या मुंग्यांप्रमाणे या फौजेचीही एक राणी आहे. ती मेली की हल्ला थांबणार. माजी राष्ट्राध्यक्ष व्हिटमोर स्वतःच्या प्राणांची आहुती देतात, तरुण वैमानिक राणीला पाडतात आणि छिद्र पाडणे थांबते.

आकाराचा प्रश्न : या चित्रपटाचा सर्वांत मोठा दोष त्याच्या सर्वांत मोठ्या वस्तूत आहे. पहिल्या भागात शहरांवर येऊन थांबणाऱ्या यानांचा व्यास 15 मैल, म्हणजे सुमारे 24 किलोमीटर होता. असे एक यान मुळा-पवना नद्यांलगतच्या सांगवीवर एक कड ठेवून उत्तरेकडे पसरले, तर पिंपरी, भोसरी आणि मोशी झाकून त्याची दुसरी कड चाकणच्या कारखान्यांपलीकडे जाईल. अख्खा औद्योगिक पट्टा एका सावलीत, हे चित्र सांगवीतल्या माणसाला डोळ्यांसमोर आणता येते. पहिल्या भागात ढगांतून सरकत येणारी ती सावली म्हणूनच भिववते. रस्त्यावरची माणसे मान वर करून पाहतात आणि प्रेक्षकाला आपले छप्पर आठवते.

उत्तरभागातील यान 3000 मैल, म्हणजे सुमारे 4800 किलोमीटर रुंद आहे. भारताची दक्षिणोत्तर लांबी सुमारे 3200 किलोमीटर आणि चंद्राचा व्यास सुमारे 3475 किलोमीटर. चंद्राहून रुंद असलेली वस्तू समुद्रावर उतरली तर भरती-ओहोटीचे काय, पृथ्वीच्या फिरण्याचे काय, हवेचे काय, हे प्रश्न चित्रपट विचारतच नाही. यानाच्या गुरुत्वाकर्षणाने आशियातील इमारती उचलल्या जाऊन लंडनवर कोसळतात. थोड्या वेळाने तेच गुरुत्वाकर्षण जणू रजेवर जाते. पृथ्वीचा गाभा सुमारे 2900 किलोमीटर खोलीवर सुरू होतो. कोयना परिसरातील भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेले प्राथमिक छिद्र सुमारे 3 किलोमीटर खोल आहे, तर रशियातील कोला येथील विक्रमी छिद्र 12 किलोमीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबले आणि त्याला जवळपास दोन दशके लागली. चित्रपटात हा सगळा प्रवास काही तासांचा! अतिशयोक्ती ही या चित्रप्रकाराची भाकरीच आहे, तेव्हा तक्रार विज्ञान चुकल्याची नाही. वस्तू डोळ्यांच्या कवेबाहेर गेली की तिचा धाक उरत नाही, हा खरा तोटा आहे.

गमती : तरीही चित्रपट कंटाळवाणा नाही. पहिल्या भागात मेल्यासारखे वाटलेले डॉ. ओकन (ब्रेंट स्पायनर) 20 वर्षांच्या बेशुद्धीतून उठतात आणि रुग्णालयाच्या झग्यातच प्रयोगशाळेत धावतात. या भूमिकेतला उत्साह लबाड आणि लोभस आहे. जग बुडत असतानाही गोल्डब्लम यांचा डेव्हिड लेव्हिन्सन वैतागलेल्या प्राध्यापकासारखा बोलतो आणि त्याचे वडील (जुड हिर्श) त्सुनामीतूनही टोमणे मारत बाहेर येतात. नेवाड्याच्या सपाट मिठागरात उंच राणी मुलांनी भरलेल्या पिवळ्या शाळेच्या बसमागे धावते, तो प्रसंग चित्रपटाचा कळस होय. महाकाय यान विसरले जाते, राणी आणि बस लक्षात राहतात, कारण बसच्या शेजारी राणीची उंची मोजता येते.

उणिवा : पात्रांची गर्दी फार आणि त्यांना वेळ थोडा. विल स्मिथ यांचा वैमानिक हिलर या भागात नाही; तो 2007 मध्ये चाचणी उड्डाणात मरण पावल्याचे सांगून कथा पुढे सरकते आणि त्याची जागा सावत्र मुलगा डिलन घेतो. त्याचे आणि जेक मॉरिसनचे (लियाम हेम्सवर्थ) वैर दोन संवादांत उभे राहते आणि दोन संवादांत मिटते. चिनी वैमानिक रेन लाओ (अँजेलाबेबी) ही भूमिका तर नावापुरतीच आहे. पहिल्या भागात व्हाइट हाउसची प्रतिकृती खरोखर उडवण्यात आली होती आणि त्या भागाला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. दुसऱ्या भागातील संगणकनिर्मित विध्वंस सफाईदार आहे, पण त्यात वजन नाही. शहरे नाहीशी होतात आणि पुढच्याच दृश्यात कुणीतरी विनोद करतो. शोकाला जागा नसल्यामुळे विजयालाही चव येत नाही.

मराठी समांतर : 20 वर्षांनी येणारा, मूळ नायक नसलेला उत्तरभाग मराठीला अनोळखी नाही. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ 1993 मध्ये आला आणि ‘झपाटलेला 2’ हा त्रिमितीपट 2013 मध्ये. दरम्यान 2004 मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले होते; नव्या भागात त्यांच्या पात्राच्या मुलाची भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. लक्ष्याची उणीव तेथेही जाणवते. मात्र कोठारे यांनी खलनायकाचा आकार वाढवला नाही. रामदास पाध्ये यांनी घडवलेला आणि दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजात बोलणारा तात्या विंचू बाहुल्याएवढाच राहिला. कपाटामागे मावणारी भीती घरातच राहते, म्हणून तो अजूनही लहान मुलांना दचकवतो.

वास्तवाशी नाते : पहिल्या भागात परग्रहावरून आलेला संदेश प्रथम न्यू मेक्सिकोतील रेडिओ दुर्बिणी टिपतात. अशीच इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात मांडलेली दुर्बीण सांगवीकरांपासून फार दूर नाही. पुणे-नाशिक रस्त्याने चाकण, मंचर मागे टाकून नारायणगावला पोहोचले, की जवळच खोडद येथे जीएमआरटी आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची ही दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली आणि 2001 मध्ये रतन टाटा यांच्या हस्ते जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण करण्यात आली. ‘रिसर्जन्स’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी, ऑक्टोबर 2016 मध्ये, मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय ‘शियापरेली’ यानाचे क्षीण संकेत येथे टिपले गेले. आकाशातून खरोखर आलेली ती हाक माणसाने पाठवलेल्या यंत्राचीच होती.

व्यवसाय व मूल्यमापन : पहिल्या भागावर सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्च झाले आणि जगभरातून 81 कोटींहून अधिक डॉलर जमा झाले. दुसऱ्या भागाचा निर्मितीखर्च सुमारे साडेसोळा कोटी डॉलर होता, तर कमाई सुमारे 39 कोटींची. खर्च दुपटीहून अधिक वाढला आणि गल्ला निम्म्याहून खाली आला. शेवटच्या दृश्यात डॉ. ओकन शत्रूवर उलट चढाईचे सूतोवाच करतात, म्हणजेच तिसऱ्या भागाची जाहिरात करतात. तो भाग अद्याप निघालेला नाही. एका संध्याकाळची करमणूक म्हणून ‘रिसर्जन्स’ पाहण्याजोगा आहे. उत्तरभाग म्हणून तो मूळ चित्रपटाच्या सावलीतच राहतो.