क्रीटचे ग्रीकभाषी मुसलमान

'खंदक' हा शब्द मराठी माणसाला किल्ल्यांमुळे ठाऊक आहे आणि मुसलमानाला मदीनेच्या लढाईमुळे. हाच शब्द भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर शहराचे नाव होऊन राहिला, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. नवव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुबा शहरात बंड झाले, ते मोडले गेले आणि हजारो माणसे हद्दपार झाली. त्यांतली काही इस्कंदरियाला पोचली. तिथूनही निघावे लागल्यावर अबू हफ्स उमर याच्या पाठोपाठ ती क्रीट बेटावर उतरली. किनाऱ्यावर त्यांनी तटबंदीचे शहर वसवले आणि भोवती खंदक खणला. त्या खंदकावरून शहराचे नाव पडले. ग्रीकांच्या तोंडी त्याचे 'खांदाकस' झाले, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी 'कांदिया' केले, तुर्कांनी 'कंदिये' केले. आज नकाशावर त्याचे नाव हेराक्लिऑन आहे. ९६१ साली बायझंटाईन सेनापती निकेफोरस फोकास याने शहर घेतले आणि अंदलुसी अमिरात संपली. त्या लोकांचे मागे काही राहिले असेल तर हा एक शब्द.

पण या लेखाचा विषय ती अमिरात नाही. सात शतकांनंतर याच बेटावर मुसलमानांची दुसरी वस्ती उभी राहिली. ती बाहेरून आलेली नव्हती, तिथल्याच मातीतली होती. तिच्याविषयी आपल्याकडे जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही. जे वाचायला मिळते ते वेढ्यांविषयी आणि वजिरांविषयी असते. उस्मानी फौज १६४५ साली बेटावर उतरली, कांदियाचा वेढा १६४८ पासून १६६९ पर्यंत चालला, अखेर कोप्रुलु फाजिल अहमद पाशाने शहर घेतले, वगैरे. एकवीस वर्षांच्या वेढ्यावर ग्रंथ लिहिले जातात, पण त्यानंतरची अडीचशे वर्षे माणसे काय खात होती, काय गात होती, संध्याकाळी कुठे बसत होती, हे दोन ओळींत उरकले जाते. इतिहास लिहिणाऱ्यांची ही जुनीच खोड आहे.

क्रीटचे बहुतेक मुसलमान वंशाने क्रीटचेच होते. लढाई चालू असतानाच खेडीच्या खेडी इस्लाम स्वीकारू लागली. कारणे एकाच प्रकारची नव्हती. काहींना जिझिया चुकवायचा होता, काहींना जॅनिसरी पलटणीत भरती होऊन पगार आणि जमीन हवी होती, काहींना व्हेनिसच्या सरदारांची चार शतकांची वेठ नकोशी झाली होती. मनापासून ईमान आणणारेही असणारच, पण मनातले दफ्तरात उतरत नाही. धर्म बदलला तरी भाषा बदलली नाही. कंदियेचा, हान्याचा, रेथिम्नोचा मुसलमान घरात, बाजारात आणि भांडणात ग्रीकच बोलत राहिला. नमाज अरबीत, सरकारी अर्ज तुर्कीत, बाकी सगळे ग्रीकमध्ये. नावेसुद्धा तशीच. अठराव्या शतकातल्या एका बड्या जमीनदाराचे नाव इब्राहिम अलिदाकिस. पुढे अली, मागे क्रीटचा खास '-आकिस' हा प्रत्यय. कोकणातल्या मुसलमानांच्या '-कर' लागलेल्या आडनावांकडे पाहिले म्हणजे यात नवल वाटत नाही.

कंदियेच्या काझीच्या कचेरीतली दफ्तरे सुदैवाने वाचली. ती हेराक्लिऑनच्या विकेलिया नगर ग्रंथालयात आहेत, आणि निकोलाओस स्टाव्रिनिदिस यांनी त्यांतल्या बऱ्याच कागदांचा ग्रीक अनुवाद पाच खंडांत केला आहे. अशी दफ्तरे वाचण्यातही एक सुख असते. त्यांत तह आणि फर्माने असतात तशी द्राक्षमळ्यांची, घरांची, हुंड्यांची, वाटण्यांची भांडणेही असतात. आणि तिथे दिसते की ख्रिस्ती लोकही काझीकडे खुशाल जात होते, कधी कधी आपसातल्या तंट्यासाठीसुद्धा. एकाच घरात एक भाऊ मुसलमान आणि दुसरा ख्रिस्ती, अशी कुटुंबेही या बेटावर होती.

बेटाचे सौंदर्यही असेच मिश्र होते आणि आहे. रेथिम्नोच्या जुन्या गल्ल्यांत खालचा मजला व्हेनिसच्या काळातला दगडी, कमानीचा, आणि त्यावर लाकडी जाळीचा, रस्त्यावर पुढे आलेला सज्जा. तो उस्मानी काळातला. दगडाचा गारवा खाली, वाऱ्याची झुळूक वर. रिमोंदीचा कारंजा १६२६ सालचा, व्हेनिसच्या अधिकाऱ्याने बांधलेला. सिंहांच्या तोंडांतून त्यात पाणी पडते. पुढे तुर्कांनी त्यावर घुमट चढवला, त्याचा तुकडा अजून उभा आहे. कंदियेच्या बेंबो कारंज्याशेजारी उस्मानी काळातली एक छोटी बहुकोनी सबील आहे, वाटसरूंना पाणी देण्यासाठी बांधलेली. तिचे नंतर कॉफीचे दुकान झाले. पाणी, सावली आणि कॉफी या तीन गोष्टींना धर्म नसतो, हे त्या चौकात बसणाऱ्यांना कुणी शिकवावे लागले नसेल.

आता जेवणाचे. व्हेनिसच्या काळात बेटाची कीर्ती दारूसाठी होती. उस्मानी काळात द्राक्षमळे मागे पडले आणि जैतून पुढे आले. अठराव्या शतकात क्रीटचे तेल फ्रान्समधल्या मार्सेयच्या साबण कारखान्यांना जाई, आणि पुढे कंदियेतच साबणाचे कारखाने उभे राहिले. त्यांच्या मालकांत मुसलमान पुष्कळ होते. (द्राक्षे मागे पडली म्हणजे दारू संपली असे मात्र नाही. या बेटावर बेक्ताशी सूफींचा जोर मोठा होता, कंदियेबाहेर खोरासानी अली देदे यांचा तेक्के, म्हणजे खानकाह, प्रसिद्ध होता, आणि बेक्ताशी या बाबतीत फार कडक कधीच नव्हते. क्रीटच्या मुसलमानाला कर्मठ म्हणण्याची चूक कुणीही केलेली नाही.) रोजच्या ताटात मुख्य जागा रानभाज्यांची. पाऊस पडला की बायका सुरी आणि टोपली घेऊन डोंगराकडे निघत. रानबडीशेप, कडू पाल्याच्या भाज्या, काटेरी झुडपांचे कोवळे कोंब असे जे मिळेल ते खुडून आणायचे, उकडायचे, वर जैतुनाचे तेल आणि लिंबू. आपल्याकडे टाकळा आणि कुर्डू ओळखणाऱ्या बायकांना हे वेगळे सांगायला नको. पावसानंतर निघणाऱ्या गोगलगाईही तिथे आवडीने खात, मुसलमानही खात. याचा त्रास त्यांना पुढे झाला.

पुस्तकांच्या बाबतीत या बेटाची गंमत अशी की सर्वांत लाडके पुस्तक बहुतेकांनी वाचलेले नसे, ऐकलेले असे. 'एरोतोक्रितोस' हे वित्सेंत्सोस कोर्नारोस याचे प्रेमकाव्य व्हेनिसच्या राजवटीच्या शेवटच्या शतकातले, सुमारे दहा हजार ओळींचे. ते १७१३ साली व्हेनिसमध्ये छापले गेले. राजकन्या अरेतूसा, तिच्या महालाखाली रात्री वीणा वाजवून गाणारा तरुण, राजाचा कोप, हद्दपारी, वेषांतर, अंगठीची ओळख. कथा आपल्या दास्तानांच्या घराण्यातलीच आहे. निरक्षर धनगरांना त्याची पानेच्या पाने पाठ असत. पंधरा अक्षरांची ओळ आणि दोन ओळींचे यमक हा त्याचा बांधा, आणि हाच बांधा 'मांतिनादा' या लोकदोह्यांचाही. लग्नात, शेतात, समुद्रावर, मैताला, थट्टेला मांतिनादा. जात्यावरच्या ओवीसारखी ती जागच्या जागी जुळवायची असते आणि उत्तर देता आले नाही तर हरायचे असते. या खेळात मुसलमान आणि ख्रिस्ती असा भेद नव्हता. शहरातल्या गल्ल्यांत बुल्गारी नावाच्या तंतुवाद्यावर गायिली जाणारी गाणीही दोघांची होती.

याहून दुर्मिळ गोष्ट म्हणजे अरबी लिपीत लिहिलेले ग्रीक. मदरशात अरबी अक्षरे शिकलेला क्रीटचा मुसलमान आपली मादरी जबान लिहायला बसला की त्याच अक्षरांत लिही. मलबारच्या मापिळ्यांनी मलयाळमसाठी हेच केले. क्रीटच्या अशा लिखाणातले एक गाणे अभ्यासकांनी प्रसिद्ध केले आहे. विषय, १८२६ साली सुलतानाने जॅनिसरी पलटण मोडली त्याचे दुःख. शोक मुसलमान सैनिकांचा, लिपी कुराणाची, भाषा ग्रीक.

तुर्कीत लिहिणारेही होते. कंदियेत जन्मलेले अली अजीज एफेंदी यांनी १७९६-९७ च्या सुमारास 'मुहय्यलात' लिहिले. अलिफ लैलाच्या थाटाच्या या जादूई कहाण्यांत मध्येच इस्तंबूलच्या खऱ्याखुऱ्या गल्ल्या येतात. ते छापले गेले १८५२ मध्ये, आणि तुर्की कादंबरीचा माग काढणारे आजही इथपर्यंत येतात. अजीज एफेंदी पुढे प्रशियात सुलतानाचे वकील झाले आणि १७९८ मध्ये बर्लिनमध्ये वारले. राजाने दफनासाठी जमीन दिली. बर्लिनच्या मुसलमान कब्रस्तानाची सुरुवात या क्रीटच्या लेखकापासून आहे.

हे सगळे गोडीगुलाबीने चालले होते असा समज कुणी करून घेऊ नये. एकोणिसाव्या शतकात बेटावर बंडामागून बंडे झाली आणि प्रत्येक बंडाने शेजारी शेजाऱ्यापासून आणखी लांब गेला. १८९७ च्या आरंभी पूर्वेकडच्या सितिया भागात मुसलमान खेडुतांची कत्तल झाली. १८९८ च्या सप्टेंबरात कंदियेत मुसलमान जमावाने शेकडो ख्रिस्ती आणि काही ब्रिटिश सैनिक मारले. दोन्ही गोष्टी घडल्या आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. एकच सांगणारे दोन्ही बाजूंना भरपूर आहेत. त्याच वर्षी बेटाला स्वायत्तता मिळाली, तुर्की फौज निघून गेली आणि मुसलमानही निघू लागले. १८८१ च्या गणतीत ते सुमारे ७३ हजार होते, म्हणजे चौघांत एकाहून थोडे अधिक. १९०० मध्ये ३३ हजारांच्या आसपास उरले. १९१३ मध्ये क्रीट ग्रीसला जोडले गेले.

उरलेल्यांचा निकाल लोझानमध्ये लागला. ३० जानेवारी १९२३ रोजी ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. अदलाबदल सक्तीची होती, परवानगीशिवाय परत येण्याची मुभा नव्हती. कुणी जायचे आणि कुणी राहायचे हे ठरवायला कसोटी एकच: धर्म. भाषा विचारली गेली नाही. त्यामुळे अनातोलियातले तुर्कीखेरीज दुसरी भाषा न येणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, जे तुर्की भाषा ग्रीक लिपीत लिहीत आणि छापीत, ते 'ग्रीक' ठरून ग्रीसला गेले, आणि 'एरोतोक्रितोस' पाठ असलेले क्रीटचे मुसलमान 'तुर्क' ठरून तुर्कस्तानला. तिकडून सुमारे बारा लाख, इकडून साडेतीन-चार लाख. पान्देलिस प्रेवेलाकिस या रेथिम्नोच्या ख्रिस्ती लेखकाने १९३८ साली आपल्या गावाची बखर लिहिली, तीत या निघून गेलेल्या शेजाऱ्यांना मोठ्या मायेने जागा दिली आहे. ज्यांना घालवले त्यांच्याविषयी घालवणाऱ्यांच्या भाषेत लिहिलेली अशी पाने जगात फार नसतील.

जहाजे मेर्सिनला, इझमीरला, बोद्रुमला, आयवालिकला लागली. आयवालिकमध्ये आणि समोरच्या जुंदा बेटावर त्यांना मिळाली ती गेलेल्या ग्रीकांची घरे. भिंती ओळखीच्या, जैतुनाची झाडे ओळखीची, फक्त समुद्र उलट्या बाजूला. शेजाऱ्यांनी मात्र त्यांना ओळखले नाही. बाजारात ग्रीक बोलणारे, गोगलगाई खाणारे हे कसले मुसलमान? 'अर्धे काफर' हे नाव पडले. क्रीटमध्ये ज्यांना तीनशे वर्षे 'तुर्क' म्हटले, त्यांना तुर्कस्तानात हे ऐकावे लागले. १९२८ मध्ये विद्यार्थ्यांनी 'नागरिका, तुर्की बोल' अशी मोहीम काढली, तेव्हा आया मुलांना रस्त्यावर गप्प करू लागल्या. घरात मराठी बोलतो म्हटल्यावर 'मुसलमान असून?' हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्यांना त्या आयांची अडचण समजेल. आपल्याला निदान त्यासाठी गाव सोडावे लागले नाही.

दोन पिढ्यांत ग्रीक ओसरली. टिकल्या त्या रानभाज्या. एजियन किनाऱ्यावर एक थट्टा अजून सांगतात: शेतात गाय आणि क्रीटवाला एकाच वेळी शिरले. बाप मुलाला ओरडला, गाईला राहू दे, आधी क्रीटवाल्याला हाकल, तो काही शिल्लक ठेवणार नाही! आज त्याच किनाऱ्यावरच्या हॉटेलांत या भाज्या चांगल्या दामाने विकल्या जातात आणि शहरी पाहुणे कौतुकाने खातात. काही कुटुंबे लोझानच्याही आधी, अब्दुल हमीद सुलतानाच्या काळात, सीरियाच्या किनाऱ्यावर वसवली गेली होती. त्या अल्-हमीदिया गावात विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत क्रीटची ग्रीक बोलणारी माणसे भेटत.

मागे, क्रीटमध्ये, हान्याच्या बंदरावरची मशीद प्रदर्शनांची जागा झाली. कंदियेची वजिराची मशीद १९२५ मध्ये संत तितोसचे चर्च झाली. रेथिम्नोच्या नेरात्झे मशिदीत, जी मुळात व्हेनिसच्या काळातले चर्च होती, संगीत शिकवले जाऊ लागले. इकडे जुंदाच्या टेकडीवर ग्रीकांची जुनी पवनचक्की आणि छोटे प्रार्थनास्थळ दुरुस्त करून ग्रंथालय झाले.

तुर्कस्तानात या विषयावर बोलायला १९९० नंतरची पिढी यावी लागली. २००१ मध्ये इस्तंबूलला लोझानच्या विस्थापितांची संस्था निघाली, आठवणी नोंदवल्या जाऊ लागल्या, कादंबऱ्या आल्या. त्यांतली साबा आल्तनसाय यांची क्रीटच्या मुसलमानांवरची कादंबरी २००४ सालची. तुर्कीत लिहिलेली. तिच्या नावातला पहिला शब्द 'क्रितिमु', म्हणजे 'माझे क्रीट', तो ग्रीक आहे, तुर्की अक्षरांत लिहिलेला. वाचकाला कळावे म्हणून पुढे तेच दोन शब्दांत तुर्कीत सांगितले आहे.